पिंग जातं, पण डोमेन सापडत नाही: वेगळ्या सबनेटमधल्या व्हीएमची पुन्हा पुन्हा येणारी अडचण

व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये चालणारा संगणक) डोमेनचं, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या विंडोज संगणकांच्या गटाचं, नाव टाकायचं, ओके दाबायचं, आणि अर्ध्या मिनिटाने तीच ओळ: या डोमेनच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही. डीसीला (डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर) पिंग केलं, म्हणजे तो जाळ्यावर उत्तर देतो का हे पाहिलं, तर चारही उत्तरं येतात. तीच व्हीएम उचलून डीसीच्या सबनेटमध्ये, म्हणजे जाळ्याच्या त्याच उपविभागात, ठेवली तर पहिल्या फटक्यात जॉईन होते (डोमेनची सदस्य होते). परत मूळ सबनेटमध्ये आणली की एक-दोन दिवस नीट चालते, मग कुणाचं लॉगिन लटकतं, कुणाला ग्रुप पॉलिसी (डोमेनकडून येणाऱ्या सेटिंग्ज) लागत नाही. रीस्टार्टने कधी सुटतं, कधी नाही.

एका प्रशिक्षण केंद्राच्या लॅबमध्ये ही अडचण मी तीन आठवडे पाहिली. समोर मुलं प्रात्यक्षिकासाठी बसलेली, आणि तीसपैकी दहा-बारा व्हीएम डोमेनमध्ये येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच दहा-बारा. त्या शोधात जे हाती लागलं ते इथे मांडतोय. क्रमही तोच ठेवलाय, कारण या प्रश्नात कोणती गोष्ट आधी तपासली यावर बराच वेळ वाचतो किंवा जातो.

आमची रचना अशी होती. डीसीचा पत्ता १९२.१६८.१०.५, सबनेट १९२.१६८.१०.०/२४. मुलांच्या व्हीएम १९२.१६८.२०.०/२४ मध्ये. मध्ये राउटर, दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता .१ ने संपणारा. डोमेनचं नाव इथे लॅब.एक्झाम्पल.कॉम समजू. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टंकताना त्या रोमन अक्षरांत टंकायच्या.

एकाच सबनेटमध्ये का चालतं?

बहुतेकांची पहिली समजूत अशी असते की व्हीएम शेजारी आणल्यावर जॉईन होते, म्हणजे बाकी सगळं ठीक आहे आणि दोष राउटरचा आहे. हे नेहमी खरं नसतं. जॉईन करताना डोमेनचं नुसतं छोटं नाव, म्हणजे ‘लॅब’ एवढंच टाकलं, तर विंडोज (अगदी नव्या आवृत्त्या सोडून) नेटबायोस या जुन्या पद्धतीच्या ब्रॉडकास्टने, म्हणजे सबनेटमधल्या सगळ्यांना एकदम हाक मारून, त्या नावाचा डीसी शोधू शकतं. एकाच सबनेटमध्ये ती हाक डीसीला ऐकू जाते. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे सोडत नाही. म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आधीपासूनच चुकीचं होतं, शेजारी बसल्यामुळे ते झाकलं गेलं, आणि सबनेट बदलल्यावर उघडं पडलं.

म्हणून सबनेट वेगळं असेल तर डोमेनचं पूर्ण नावच टाका आणि सगळा भरवसा डीएनएसवर आहे हे धरून चाला.

सुरुवात डीएनएसपासून

व्हीएमला डीसी कुठे आहे हे माहीत नसतं. ती डीएनएसला एसआरव्ही या खास नोंदीबद्दल (कोणती सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) विचारते. तोच प्रश्न हाताने विचारून पाहा:

एनएसलुकअप -टाइप=एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.लॅब.एक्झाम्पल.कॉम

उत्तरात डीसीचं नाव, पोर्ट ३८९ (सेवेच्या दाराचा क्रमांक) आणि त्याचा आयपी पत्ता यायला हवा. त्याआधी वरची ‘सर्व्हर’ ही ओळ वाचा. उत्तर कोणी दिलं? तिथे १९२.१६८.१०.५ सोडून दुसरं काही दिसलं, तर पुढचं काही तपासू नका, आधी हे दुरुस्त करा. जॉईनच्या एररमधलं ‘डीटेल्स’ बटणही इथे कामाचं आहे. कोड ०एक्स००००२३२बी असेल तर डीएनएसने उत्तर दिलं, पण ‘असं नावच नाही’ असं दिलं. म्हणजे प्रश्न चुकीच्या डीएनएसकडे गेला. कोड ०एक्स०००००५बी४ असेल तर उत्तरच आलं नाही, वेळ संपली. तेव्हा वाट किंवा फायरवॉल पाहायची.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे पहिला डीएनएस डीसीचा आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस. इंटरनेट बंद पडू नये म्हणून चांगल्या हेतूने केलेली ही सोय. पण विंडोज दुसऱ्या डीएनएसकडे ‘पहिल्याला उत्तर माहीत नाही’ म्हणून जात नाही, पहिला वेळेत बोलला नाही म्हणून जातं. राउटरपलीकडचा डीसी एखाद्या वेळी किंचित उशिरा बोलला की व्हीएम ८.८.८.८ ला विचारते. तिथून ‘असं डोमेन नाही’ हे उत्तर येतं, व्हीएम ते खरं मानते आणि थोडा वेळ त्याच सर्व्हरला धरून राहते. ‘कधी चालतं, कधी नाही’चं हे एक सरळ कारण. डोमेनमधल्या मशीनवर फक्त डोमेनचं डीएनएस ठेवायचं. इंटरनेटची नावं सोडवण्यासाठी डीसीवरच्या डीएनएस सर्व्हरमध्ये फॉरवर्डर (न सुटलेला प्रश्न पुढच्या डीएनएसकडे पाठवणारी सोय) टाकायचा.

आयपीव्ही६ विसरू नका. राउटर आयपीव्ही६ ची घोषणा करत असेल तर व्हीएमला त्या मार्गाने वेगळाच डीएनएस मिळू शकतो. आयपीव्ही४ च्या खिडकीत सगळं बरोबर दिसतं आणि प्रश्न मात्र एफई८० ने सुरू होणाऱ्या पत्त्याकडे जातो. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये डीएनएस सर्व्हरची सगळी यादी शेवटपर्यंत वाचा.

व्हीएम खरंच त्या सबनेटमध्ये आहे का?

व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवी व्हीएम केली की तिचं कार्ड आपोआप नॅटवर (मागच्या मशीनऐवजी मधल्या यंत्राचाच पत्ता पुढे दाखवणारी पद्धत) असतं. तिला बहुधा १०.०.२.१५ पत्ता आणि १०.०.२.२ गेटवे मिळतो. तिथून पिंग जातं, एसआरव्ही नोंदही दिसू शकते, पण डीसीच्या दृष्टीने ती व्हीएम म्हणजे होस्ट मशीनच (जिच्यावर व्हीएम चालते ती) असते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या नॅट जाळ्याची गोष्ट तीच. हायपर-व्हीमधला ‘डीफॉल्ट स्विच’ सुद्धा नॅटच करतो, शिवाय होस्ट रीस्टार्ट झाल्यावर त्याचा सबनेट बदलू शकतो. काल लिहून ठेवलेला पत्ता आज लागू राहत नाही.

नॅटमागून डोमेन जॉईन झालेलं मी पाहिलं आहे, तरी त्यावर लॅब उभी करू नका. नॅटमधून ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवण्याची चाचणी आम्ही केलेली नाही आणि तसं करा असं आम्ही सुचवत नाही, हे मायक्रोसॉफ्टने आपल्या सपोर्ट लेखातच सांगितलं आहे. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअरमध्ये ब्रिज्ड (व्हीएम थेट खऱ्या जाळ्याला जोडणारा पर्याय), हायपर-व्हीमध्ये त्याच कामाचा एक्स्टर्नल स्विच, आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं केलेलं जाळं) असेल तर त्याचा बरोबर क्रमांक, एवढं आधी पक्कं करा.

घरच्या लॅबमध्ये पीएफसेन्स (फायरवॉल आणि राउटरचं सॉफ्टवेअर) राउटर म्हणून ठेवणारे बरेच जण आहेत. डीसी त्याच्या वॅन (बाहेरच्या) बाजूला आणि व्हीएम लॅन (आतल्या) बाजूला असतील तर डीसीकडे जाताना सगळ्या व्हीएम नॅट होतात. उलट असेल, म्हणजे डीसी आत आणि व्हीएम बाहेर, तर वॅनवरचा ‘ब्लॉक प्रायव्हेट नेटवर्क्स’ हा मुळातच चालू असलेला नियम १९२.१६८ पासून आलेलं सगळं अडवतो. दोन्ही सबनेट त्याच्या आतल्या कार्डांवर ठेवले की हा भागच उरत नाही.

परतीची वाट

व्हीएमवर गेटवे टाकला की काम झालं असं वाटतं, पण उत्तरालाही घरी यायला वाट लागते. डीसीवर डीफॉल्ट गेटवे रिकामा असेल (फक्त अंतर्गत वापराच्या डीसीवर तो बऱ्याचदा रिकामाच सापडतो) तर २० च्या सबनेटकडे उत्तर कसं धाडायचं हे त्याला कळत नाही. गेटवे भरा. इंटरनेटचा राउटर आणि दोन सबनेटमधला राउटर वेगवेगळे असतील तर डीसीवर कायमचा रूट (वाटेची नोंद) टाका:

राउट ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.१ -पी

शेवटचा -पी राहिला तर रीस्टार्टनंतर रूट जातो आणि ‘काल तर चालत होतं’ म्हणत आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

नॅट नसताना पिंगला उत्तर येतंय, तर जायची आणि यायची वाट दोन्ही आहेत. पिंगमधून एवढंच कळतं. पिंग ज्या आयसीएमपीवर चालतं त्याला पोर्ट नसतो, त्यामुळे फायरवॉलने बाकी काय अडवलंय ते पिंगला कळायचं कारण नाही.

पोर्ट: टीसीपी ३८९ उघडा आहे एवढ्याने भागत नाही

सबनेटच्या मधल्या फायरवॉलवर डीसीच्या दिशेने हे उघडं लागतं: डीएनएससाठी ५३, कर्बेरॉससाठी (लॉगिनची ओळख पटवणारी पद्धत) ८८, पासवर्ड बदलासाठी ४६४ आणि एलडॅपसाठी (डिरेक्टरीला प्रश्न विचारायची पद्धत) ३८९, हे चारही टीसीपी आणि यूडीपी (माहिती पाठवायच्या दोन पद्धती) दोन्हींवर. आरपीसीसाठी (दुसऱ्या मशीनवरचं काम चालवणं) टीसीपी १३५, एसएमबीसाठी (फाइल शेअरिंग) टीसीपी ४४५, वेळेसाठी यूडीपी १२३, ग्लोबल कॅटलॉगसाठी (डिरेक्टरीची एकत्र सूची) टीसीपी ३२६८. आणि आरपीसीचे बदलते पोर्ट, टीसीपी ४९१५२ ते ६५५३५.

यात दोन जागा फसवतात. पहिली म्हणजे यूडीपी ३८९. एसआरव्ही नोंदीतून डीसीचं नाव मिळाल्यावर व्हीएम त्याला एक छोटा एलडॅप प्रश्न यूडीपीवरून पाठवते: तू जिवंत आहेस का, याच डोमेनचा आहेस का, मी कोणत्या साइटमध्ये (डोमेनच्या कोणत्या ठिकाणी) आहे? उत्तर आलं नाही तर तिच्या लेखी डीसी नाही. फायरवॉलचा नियम लिहिणारा माणूस ३८९ पुढे फक्त टीसीपी निवडतो, आपण

टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१०.५ -पोर्ट ३८९

चालवतो, ‘ट्रू’ येतं, आणि आपण निर्धास्त होतो. ही आज्ञा फक्त टीसीपी तपासते. यूडीपीसह खरी परीक्षा घ्यायची तर हे चालवा:

एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:लॅब.एक्झाम्पल.कॉम /फोर्स

व्हीएम जॉईन करताना जसा डीसी शोधते तसाच ही आज्ञा शोधते. /फोर्स नसेल तर जुनं साठवलेलं उत्तर मिळू शकतं. इथे १३५५ हा एरर आला आणि एसआरव्ही नोंद मात्र बरोबर दिसत असेल, तर यूडीपी ३८९ कडे बोट दाखवायला हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे बदलते आरपीसी पोर्ट. १३५ हा नुसता चौकशीचा खिडकीवाला आहे, तो सांगतो ‘अमुक पोर्टवर जा’. तो पोर्ट बंद असेल तर ‘आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही’, एरर १७२२. जुन्या सूचना पाहून १०२५ ते ५००० उघडलेले फायरवॉल आजही सापडतात. तो पट्टा विंडोज सर्व्हर २००३ पर्यंतचा. २००८ पासून तो ४९१५२ च्या वर गेला.

आमच्या लॅबमधला खरा दोष

हे सगळं तपासून झालं होतं. डीएनएस बरोबर, ब्रिज्ड बरोबर, पोर्ट उघडे. तरी दहा-बारा व्हीएम रोज अडायच्या.

शेवटी एका अडलेल्या व्हीएमवर मी डीसीच्या नावाला पिंग केलं. तोपर्यंत नेहमी पत्त्यालाच करत आलो होतो. उत्तरात १९२.१६८.१०.५ आलं नाही, १७२.१६.०.५ आलं. डीसीला कुणीतरी बॅकअपसाठी दुसरं नेटवर्क कार्ड लावलेलं होतं, वेगळ्या स्विचवर, आणि १७२.१६ कडे २० च्या सबनेटमधून वाटच नव्हती.

विंडोजचं कार्ड आपला पत्ता डीएनएसमध्ये स्वतःहून नोंदवतं. डीसीच्या एकाच नावासमोर दोन पत्ते झाले. डीएनएस सर्व्हर अशा वेळी पाळीपाळीने एकेक पत्ता वर ठेवतो. पण तो आणखी एक गोष्ट करतो: विचारणाऱ्याच्याच सबनेटमधला पत्ता यादीत असेल तर तो आधी देतो. त्यामुळे १० च्या सबनेटमधल्या मशीनना कायम १९२.१६८.१०.५ वर मिळायचा आणि त्यांना कधीच त्रास झाला नाही. २० च्या सबनेटशी दोन्हींपैकी एकही पत्ता जुळत नव्हता, म्हणून तिथे पाळी लागायची. ‘शेजारी आणलं की चालतं, दूर नेलं की कधी चालतं, कधी नाही’ हे लक्षण पुरेपूर जुळलं.

ही रचना खूप ठिकाणी दिसते, आणि कित्येकदा दुसरं कार्ड लावलेलं असतं ते नेमकं ‘दुसऱ्या सबनेटलाही डीसी दिसावा’ म्हणूनच. मला हे अगदी ठामपणे सांगायचंय: दोन सबनेट जोडणं हे राउटरचं काम आहे. डीसीला दोन पाय देऊन ते करू नका. त्यातच दोन्ही कार्डांवर डीफॉल्ट गेटवे टाकला तर प्रश्न एका कार्डावरून आत येतो आणि उत्तर दुसऱ्यावरून बाहेर जातं, मधला फायरवॉल ते फेकून देतो, आणि शोध आणखी अवघड होतो.

आम्ही दुसरं कार्ड काढलं आणि बॅकअप राउटरवरून घेतला. काढणं शक्यच नसेल तर त्या कार्डाच्या डीएनएस टॅबमधली ‘पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा’ची खूण काढा. डीएनएस सर्व्हरच्या गुणधर्मांत ‘इंटरफेसेस’मध्ये फक्त १९२.१६८.१०.५ ठेवा, नाहीतर सर्व्हर ऐकतोय तो प्रत्येक पत्ता पुन्हा नोंदला जातो. मग झोनमधली (डोमेनच्या डीएनएस नोंदींच्या यादीतली) डीसीच्या नावाची आणि ‘सेम ॲज पॅरेंट फोल्डर’ची चुकीची नोंद हाताने पुसा. डीसीवर आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस चालवून नेटलॉगऑन सेवा रीस्टार्ट करा. व्हीएमवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस. दुसऱ्या दिवशी झोन पुन्हा उघडून पाहा. जुनी नोंद परत उगवली असेल तर वरची एखादी खूण राहिली आहे.

त्यानंतर तीसही व्हीएम जॉईन झाल्या आणि राहिल्या.

डीसी रीस्टार्ट झाला की अडचण परत येते?

मग डीसीवर हे पाहा:

गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल

तिथे ‘डोमेनऑथेंटिकेटेड’ दिसायला हवं. डीसी चालू होताना जाळ्याची ओळख पटवणारी सेवा डोमेनच्या सेवांआधी जागी झाली तर तो स्वतःच्याच जाळ्याला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ समजतो. विंडोज फायरवॉलचे काही नियम त्या प्रोफाइलमध्ये फक्त ‘लोकल सबनेट’पुरते असतात. पिंगला उत्तर देण्याचा नियम त्यातलाच. शेजारच्यांना दार उघडं, पलीकडच्यांना बंद. विंडोज सर्व्हर २०२५ च्या डीसींवर रीस्टार्टनंतर डोमेन प्रोफाइल न लागण्याचा दोष मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये स्वतः मान्य केला होता. रीस्टार्ट-नेटअडॅप्टर ने कार्ड एकदा बंद-चालू केलं की प्रोफाइल जागेवर येते.

घड्याळ, स्नॅपशॉट, जुनं नाव

कर्बेरॉसला व्हीएम आणि डीसीच्या वेळेत पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो, आणि तो यूटीसीमध्ये (टाइमझोन न धरता जागतिक वेळेत) मोजला जातो. आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. अमेरिकन इंग्रजीतलं विंडोज बसवलं की टाइमझोन पॅसिफिक राहतो, कुणीतरी तो न बदलता घड्याळाचे काटे हाताने भारतीय वेळेवर आणतं. खाली कोपऱ्यात वेळ बरोबर दिसते, आतली यूटीसी मात्र साडेबारा किंवा साडेतेरा तास पुढे गेलेली असते. त्या टेम्प्लेटमधून (नमुना व्हीएममधून) निघालेली प्रत्येक व्हीएम तशीच. फरक पाहायला डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:१९२.१६८.१०.५ चालवा.

जुन्या स्नॅपशॉटवर (व्हीएमच्या साठवलेल्या जुन्या स्थितीवर) परत गेल्यावर ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा निरोप आला तर त्यात सबनेटचा दोष नाही. मशीनचा डोमेनमधला पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि स्नॅपशॉटमध्ये जुना पासवर्ड असतो. स्थानिक ॲडमिन म्हणून आत जा आणि टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल -रिपेअर चालवा, सोबत -क्रेडेन्शियल देऊन डोमेन ॲडमिनचं खातं.

व्हीएम पुसून त्याच नावाने नवी केली आणि ०एक्सएएसी हा कोड आला, तर ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून कडक झालेला नियम आडवा आलाय: दुसऱ्याने बनवलेलं कॉम्प्युटर खातं सहसा वापरता येत नाही. जुनं खातं पुसा, किंवा ज्याने ते बनवलं त्याच्याच खात्याने जॉईन करा. आणि साधं यूजर खातं वापरून मुलांना जॉईन करायला लावत असाल, तर मूळ मर्यादा एका यूजरला दहा मशीनची आहे. अकरावी अडते, आणि तेव्हाही संशय विनाकारण राउटरवर जातो.

जॉईन झाली, पण लॉगिन फार हळू

डीसी एकापेक्षा जास्त असतील तर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेस’ उघडून १९२.१६८.२०.०/२४ हा सबनेट कुठल्या साइटला जोडलाय का ते पाहा. जोडला नसेल तर व्हीएमला दुसऱ्या गावातला डीसीही मिळू शकतो. डीसीच्या इव्हेंट लॉगमध्ये नेटलॉगऑनची ५८०७ ही सूचना याचीच असते. सबनेट तयार करून साइट निवडायची, दोन मिनिटांचं काम.

मधे व्हीपीएन किंवा व्हीएक्सलॅन (एका जाळ्यातून दुसरं जाळं नेणाऱ्या पद्धती) असेल तर पाकिटाचा आकारही तपासा: पिंग -एफ -एल १४७२ १९२.१६८.१०.५. १४७२ ला उत्तर न येता १४०० ला येत असेल तर मोठी पाकिटं वाटेत पडताहेत. व्हीएक्सलॅन एकटंच ५० बाइट खातं.

हे करूनही अडलं आणि नेटवर्क पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे जायची वेळ आली, तर ‘डोमेन चालत नाही’ एवढाच निरोप घेऊन जाऊ नका. व्हीएम आणि डीसी दोन्हींवरचं आयपीकॉन्फिग /ऑल आणि राउट प्रिंट, व्हीएमवरचं एनएलटेस्टचं उत्तर, आणि व्हीएमच्या सी:\विंडोज\डीबग\नेटसेटअप.लॉग मधल्या शेवटच्या चाळीसेक ओळी सोबत न्या. जॉईन नेमकं कोणत्या पायरीवर थांबलं ते त्या लॉगमध्ये वेळेसकट लिहिलेलं असतं, आणि ती वेळ फायरवॉलच्या लॉगशी जुळवली की अडवलेलं पाकीट लगेच सापडतं.